मेटाच्या जाहिरातींसाठी ऑडियन्स शोधणारं टूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे टूल आम्ही आधी स्वतःसाठी बनवलं. छोट्या दुकानदारांच्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती चालवताना तोच तो शोध रोज करावा लागायचा. मग क्लायंटनी मागितलं, त्यांच्या ओळखीच्यांनी मागितलं, आणि प्रश्नांची यादी वाढत गेली. खालची उत्तरं त्या प्रश्नांना फोनवर देऊन देऊन तयार झाली आहेत.

हे टूल नेमकं करतं काय?

जाहिरात कोणाला दाखवायची हे ठरवण्यासाठी मेटाकडे, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीकडे, तयार पर्यायांची प्रचंड मोठी यादी आहे. ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे मेटाच्या जाहिराती लावायच्या पानावर, शब्द टाकला की त्यातले थोडेच समोर येतात आणि तेही मेटाला योग्य वाटतील त्या क्रमाने. हीच यादी मेटा आपल्या मार्केटिंग एपीआयमधून (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची वाट) सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही शोधू देतं. आमचं टूल तिथे तुमचा शब्द पाठवतं आणि जे येईल ते एका तक्त्यात मांडतं: पर्यायाचं नाव, तो कुठल्या गटात मोडतो (डेमोग्राफिक्स, इंटरेस्ट की बिहेवियर), त्यात अंदाजे किती लोक आहेत, आणि त्याचा आकडी क्रमांक. हा क्रमांक लांबलचक असतो, बऱ्याचदा ६००ने सुरू होणारा. नाव सारखंच असलेले दोन पर्याय ओळखायला त्याचाच आधार.

म्हणजे यूट्यूबवाले सांगतात ते ‘लपवलेले इंटरेस्ट’ तुम्ही दाखवता?

लपवलेलं काही नसतं हो. ॲड्स मॅनेजरच्या छोट्या खिडकीत सगळं मावत नाही, एवढंच. मागच्या बाकावर बसलेला मुलगा गैरहजर नसतो. पूर्ण नाव अचूक टाइप केलं तर हे पर्याय तिथेही सापडतात. पण नावच माहीत नसेल तर काय टाइप करणार? तेवढ्यापुरता आमचा उपयोग. ‘गुप्त यादी’ विकत देणारा कोणी भेटला तर पैसे खिशातच ठेवा.

डेमोग्राफिक्स, इंटरेस्ट आणि बिहेवियर यांत फरक काय?

डेमोग्राफिक्स म्हणजे माणूस कोण आहे: शिक्षण, नोकरी, लग्न झालंय का, मुलं किती वर्षांची, वाढदिवस जवळ आलाय का. वय, लिंग आणि ठिकाण हे त्याच्याही आधीचे, वेगळ्या रकान्यातले. इंटरेस्ट म्हणजे मेटाच्या मते त्याला कशात रस आहे. बिहेवियर म्हणजे तो काय करतो: कुठला फोन वापरतो, परदेशी वारंवार जातो का, जाहिरातीतल्या खरेदीच्या बटणावर दाबतो का.

वाक्यात ‘मेटाच्या मते’ असं मुद्दाम म्हटलं. डेमोग्राफिक्समधल्या काही गोष्टी लोकांनी स्वतः भरलेल्या असतात, बाकीचा सगळा अंदाज. तो किती खरा, हे स्वतःवर तपासून पाहा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये जाहिरात प्राधान्यांचं पान आहे. तुमच्याबद्दल मेटाने काय काय गृहीत धरलंय ते तिथे दिसतं. माझ्या पानावर मासेमारी होती. मी सोलापूरचा, पाण्यातल्या माशाशी माझा संबंध ताटातच येतो. बहुतेक कोकणातल्या एका क्लायंटचं पेज सांभाळताना हे चिकटलं असावं.

स्वतः भरलेल्या माहितीवरही फार विसंबू नका. नोकरीच्या रकान्यात लोक गमतीने वाट्टेल ते लिहितात. साखरपुडा झालेल्यांचा गट मंगल कार्यालयवाल्यांना फार आवडतो, पण आपल्याकडे साखरपुड्याचे दोनशे फोटो टाकणारेही प्रोफाइलमध्ये ‘एंगेज्ड’ निवडत नाहीत. मुलांच्या वयावरून केलेले पालकांचे गट त्या मानाने बरे: एक-दोन वर्षांची, तीन ते पाच, सहा ते आठ, नऊ ते बारा, तेरा ते सतरा. पाळणाघर, खेळण्यांचं दुकान, क्लास यांनी सुरुवात तिथून करावी.

शोधताना शब्द मराठीत टाकायचा की इंग्रजीत?

दोन्ही करून पाहा, पण आमचा अनुभव असा की इंग्रजी स्पेलिंगला जास्त निकाल येतात. मराठी शब्द टाकून काही आलं नाही म्हणून तो पर्यायच नाही असं समजू नका.

आणि निकाल आला की नाव वाचून थांबू नका. एका वर्षी रत्नागिरीकडच्या एका बागायतदाराची हापूसची जाहिरात माझ्याकडे होती. पाच डझनाची पेटी, पुणे-मुंबई घरपोच. मी घाईत ‘मँगो’ टाकलं, मोठा आकडा असलेला पहिला पर्याय उचलला आणि जाहिरात सोडली. दोन दिवसांनी एका ताईंनी इनबॉक्समध्ये विचारलं, ‘सेल कधी आहे?’ तेव्हा ट्यूब पेटली. मी निवडलेला ‘मँगो’ म्हणजे बार्सिलोनाचा कपड्यांचा ब्रँड! फॅशनच्या चाहत्यांना दोन दिवस मी आंबे दाखवत होतो. चूक सगळी माझी, पैसे बागायतदाराचे. पैसे परत दिले, आणि टूलमध्ये प्रत्येक पर्यायापुढे त्याचा विषय दाखवणारा रकाना त्याच आठवड्यात घातला. फळ की कपडे, ते आता आधीच दिसतं.

‘मराठी’ ही भाषा निवडली की सगळे मराठी लोक मिळतात ना?

अजिबात नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

२०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक होते. मेटाची भाषेची निवड मात्र मुख्यतः बघते ती माणूस फेसबुक किंवा इन्स्टाग्राम कुठल्या भाषेत वापरतो हे. आता आजूबाजूच्या दहा जणांचे फोन डोळ्यांसमोर आणा. घरी मराठी, ऑफिसात मराठी, शिव्याही मराठी, आणि फोन इंग्रजीत. भाषा म्हणून ‘मराठी’ निवडलं की हे सगळे गळतात.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाहिरात करायची असेल तर भाषेचा रकाना रिकामा सोडा आणि जाहिरात चांगल्या मराठीत लिहा. ज्याला वाचता येत नाही तो पुढे सरकतो, ज्याला येतं तो थांबतो. मेटा स्वतःही सुचवतं की भाषा तेव्हाच निवडा जेव्हा ती त्या ठिकाणी सर्रास चालत नाही. बेळगाव, इंदूर, बडोदा इथे भाषा किंवा मराठी सिनेमासारखे इंटरेस्ट लावून बघायला हरकत नाही. त्यातही इंटरेस्टचा आकडा जास्त भरेल.

परदेशातल्या मराठी लोकांपर्यंत कसं पोचायचं? आम्ही दिवाळीचा फराळ पाठवतो.

फराळवाले दर वर्षी ऑगस्टपासून विचारायला लागतात, म्हणून जरा सविस्तर.

ठिकाण आधी निवडा, आणि देशच्या देश घेऊ नका. अमेरिका म्हणून सोडलं तर पैसे अलास्कापर्यंत पसरतात. न्यू जर्सी, बे एरिया, डॅलसच्या आसपास अशी शहरं धरा. मग टूलमध्ये बिहेवियरच्या गटात ‘लिव्ह्ड इन इंडिया’ शोधा. आधी भारतात राहिलेले आणि आता बाहेर असलेले लोक या गटात येतात. पण यात तमिळही आले, पंजाबीही आले. त्यावर ‘नॅरो’ करून मराठीशी जोडलेले इंटरेस्ट लावा. एकाच चौकटीत पाच गोष्टी टाकल्या तर मेटा त्यांतली कुठलीही एक लागू असलेला माणूस घेतं. नॅरो केलं तरच ‘हेही आणि तेही’ असा अर्थ होतो. नवे लोक हा फरक हमखास विसरतात. मग आकडा कोटीत गेला की खूश होतात.

एवढं करून उरलेला आकडा लहान असेल. घाबरू नका. चकली, अनारसे आणि कडबोळी हे शब्द जाहिरातीत ठळक लिहिले की पुढची चाळणी ते शब्दच लावतात.

टूल जो आकडा दाखवतं तेवढ्या लोकांना जाहिरात दिसेल का?

नाही. तो निकषात बसणाऱ्या खात्यांचा अंदाज आहे, म्हणून एक आकडा न देता मेटा खालची आणि वरची मर्यादा देतं. जाहिरात किती जणांना दिसेल ते बजेटवर ठरतं. आणि अंदाजही किती सैल असू शकतो? २०१७मध्ये अमेरिकेतल्या एका शेअर बाजार विश्लेषकाने दाखवून दिलं की फेसबुक तिथल्या १८ ते २४ वयाच्या ४ कोटी १० लाख लोकांपर्यंत पोचण्याचा दावा करतंय, आणि जनगणनेप्रमाणे त्या वयाची माणसंच ३ कोटी १० लाख आहेत. एका माणसाची दोन खाती, चुकीचं वय, फिरतीवरचे लोक, सगळं त्यात आलं.

दोन पर्यायांची आपसात तुलना करायला हा आकडा चांगला. क्लायंटला लेखी देऊ नका.

आमचं दुकान साताऱ्यात आहे. कुठले इंटरेस्ट निवडू?

कुठलेच नको. सातारा शहराची लोकसंख्या २०११मध्ये १ लाख २० हजारांच्या आसपास होती. त्यातून वय कापलं, लिंग कापलं, वर तीन इंटरेस्ट लावले की उरतं काय? नकाशावर दुकानापाशी पिन टाका, चार-पाच किलोमीटरचा घेर घ्या, वय ठेवा आणि सोडून द्या. आमचं टूल न वापरण्याचा सल्ला आम्हीच देतोय, लक्षात असू द्या.

जात, धर्म, पोटजात यांवरून शोधता येतं का? आमचं वधू-वर सूचक केंद्र आहे.

येत नाही, आणि आडवाटही आम्ही शोधून देणार नाही.

अमेरिकेत २०१६मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवलं की फेसबुकवर घराची जाहिरात देताना वांशिक ‘अफिनिटी’वरून (कुठल्या वंशाशी जवळीक वाटते त्यावरून) लोकांना वगळता येतं. तिथून खटले, तडजोडी आणि पर्यायांची काटछाट सुरू झाली. १९ जानेवारी २०२२पासून मेटाने आरोग्याची कारणं, लैंगिक कल, धार्मिक प्रथा, राजकीय मतं यांच्याशी जोडलेले पर्यायही काढून टाकले. जातीचा पर्याय म्हणून जे सापडल्यासारखं वाटतं ते एखादं आडनाव, एखादा ऐतिहासिक विषय किंवा देवस्थान असतं. त्यात रस असणारा माणूस त्याच जातीचा हे गृहीत धरणं म्हणजे पत्रिका न बघता छत्तीस गुण जुळवणं.

तुमच्या केंद्राचं नाव आणि गाव जाहिरातीत स्पष्ट लिहा. ज्यांना हवंय ते येतील. फक्त मजकूर जपून लिहा. वाचणाऱ्याच्या वैयक्तिक बाबींवर बोट ठेवणारी जाहिरात मेटा नाकारतं: धर्म, वय, आजार, आर्थिक स्थिती वगैरे. ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ अडकेल. ‘मधुमेहींसाठी आहार सल्ला’ सहसा जाईल. ‘तिशी उलटली तरी लग्न जमत नाही?’ हा मथळा एका क्लायंटने माझ्याशी भांडून ठेवला होता. चार वेळा नाकारला गेला.

जुन्या व्हिडिओत उत्पन्नाचे, घरमालकीचे पर्याय दाखवतात. तुमच्या टूलमध्ये ते का नाहीत?

कारण ते आता कुठेच नाहीत, किंवा भारतात कधीच नव्हते.

एके काळी फेसबुक बाहेरच्या डेटा कंपन्यांकडून माहिती घेऊन गट बनवायचं. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण (लोकांची फेसबुकवरची माहिती त्यांच्या नकळत राजकारणासाठी वापरल्याचं) मार्च २०१८मध्ये फुटलं आणि त्याच महिन्यात फेसबुकने हे भागीदारीतले गट बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भेदभावाला वाव देणारे ५,०००हून अधिक पर्याय काढले. जुलै २०२४च्या अखेरीपासून नव्या जाहिरातींत इंटरेस्ट लावून लोकांना वगळण्याची सोय गेली, म्हणजे ‘अमुक आवडणारे सोडून’ असं आता सांगता येत नाही. स्वतःच्या ग्राहकांची यादी चढवून त्यांना वगळता येतं. २०२५मध्ये बरेच बारीक इंटरेस्ट एकत्र करून मोठे गट केले गेले. तेव्हा २०१७चा व्हिडिओ बघून जाहिरात लावणं म्हणजे जुन्या टाइमटेबलवर एसटीची वाट बघणं.

उत्पन्नाचं म्हणाल तर मेटाकडे पिनकोडनिहाय सरासरीवर बेतलेले गट आहेत, पण अमेरिकेपुरते. इथले लोक त्याऐवजी महागड्या फोनचा गट वापरतात. हप्त्यावर आयफोन घेणारे किती आहेत ते ज्याने त्याने आपल्या घरात बघावं.

पुण्यातल्या फ्लॅटची जाहिरात न्यू जर्सीतल्या मराठी लोकांना दाखवायची आहे. चालेल?

चालेल, पण भारतातले नियम धरून बसू नका. जाहिरात अमेरिकेत दिसणार असेल तर घर, नोकरी आणि कर्ज अशा विषयांना ‘विशेष जाहिरात गट’ जाहीर करावा लागतो, बिल्डर कोथरूडचा असला तरी. मग वय १८ ते ६५ आणि पुढे असं सगळं घ्यावं लागतं, स्त्री-पुरुष निवडता येत नाही, पिनकोड चालत नाही, आणि ठिकाणाचा घेर किमान १५ मैल. २०१९मध्ये नागरी हक्क संघटनांशी झालेल्या तडजोडीतून हे नियम आले. आमच्या टूलमध्ये ‘विशेष गट’ असा खटका आहे. तो चालू केलात की न चालणारे पर्याय करडे होतात.

दहावी-बारावीच्या मुलांना क्लासची जाहिरात दाखवायची आहे.

पालकांना दाखवा. फी तेच भरतात. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी मेटा फेब्रुवारी २०२३पासून फक्त वय आणि ठिकाण वापरू देतं, लिंगही नाही, इंटरेस्ट तर नाहीच. शिवाय आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई आहे. मूल म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेलं, आणि मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये. तेरा ते सतरा वयाच्या मुलांच्या पालकांचा गट टूलमध्ये ‘टीनएजर्स’ टाकून मिळतो.

नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी वापरू का?

शोधायला वापरा. पण राजकीय जाहिरातीसाठी आधी मेटाकडे ओळख पटवून ‘पैसे कोणी दिले’ हे लावावं लागतं, आणि ती जाहिरात ॲड लायब्ररीत, म्हणजे मेटाच्या जाहिरातींच्या खुल्या संग्रहात, सात वर्षं राहते. कुठल्या वयाच्या लोकांना किती दिसली हेही तिथे कोणालाही बघता येतं. विरोधकालाही. आणि तुम्हाला विरोधकाची.

ॲडव्हान्टेज प्लस आल्यावर या सगळ्याचा उपयोग उरला का?

खरं सांगायचं तर, कमी झालाय. ॲडव्हान्टेज प्लस ऑडियन्स, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची ते मेटाच्या मशीनवर सोडायची सोय, चालू असलं की तुम्ही दिलेलं वय, लिंग, इंटरेस्ट या सगळ्याला मेटा फक्त सूचना मानतं. त्याला बाहेर चांगलं गिऱ्हाईक दिसलं तर तिकडे जातं. किमान वय आणि ठिकाण यांसारख्या थोड्या गोष्टींची मात्र पक्की मर्यादा घालता येते. ज्यांच्या खात्यावर भरपूर विक्रीची नोंद आहे त्यांना हे फायद्याचं ठरतं, आम्हीही तिथे मोकळंच सोडतो.

पण नवं खातं, महिन्याला पाच-सात हजार बजेट, विक्री अजून शून्य अशा ठिकाणी मशीनला शिकायला काही नसतं. तिथे योग्य सूचना देणं म्हणजे नव्या डिलिव्हरीच्या पोराला निदान वाडा कुठला ते सांगणं. दुसरा उपयोग मजकुराचा. गट चाळताना आपलं गिऱ्हाईक किती तऱ्हेचं आहे ते कळतं. पैठणीच्या एका दुकानासाठी शोधताना आम्हाला ‘वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस जवळ आलेले’ दिसले, आणि तोवर सगळ्या जाहिराती बायकांनाच दाखवत होतो हे लक्षात आलं. नवऱ्यांसाठी वेगळी जाहिरात केली. मजकूर साधाच होता: ‘रंग चुकला तर बदलून मिळेल.’

गूगलसाठी चालतं का?

नाही. तिथे गरजही कमी, कारण डेमोग्राफिक्सची यादी आटोपशीर आहे: वयाचे सहा गट, लिंग, मुलं आहेत की नाहीत, आणि भारतात घरगुती उत्पन्नाचे टप्पे, वरच्या १० टक्क्यांपासून खालच्या ५० टक्क्यांपर्यंत. प्रत्येकात ‘अज्ञात’ असा एक गट असतो. तो उत्साहाच्या भरात बंद करू नका, बरीच मोठी गर्दी त्यातच असते. ठिकाणाचं सेटिंग मात्र पहिल्यांदा बदला. मुळात ते ‘तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले’ असं असतं. नाशिकचा प्लंबर दुबईतल्या माणसाला दिसून काय उपयोग?

टूलला माझ्या ग्राहकांची नावं, नंबर दिसतात का?

नाही. मेटा फक्त गटांची नावं आणि अंदाजे आकडे देतं, माणसं देत नाही. तुमचे शोध आम्ही तीस दिवसांनी पुसतो.

पैसे किती?

शोध फुकट. जाहिरातीचे पैसे तुम्ही मेटाला भरता, आमच्याकडून ते जात नाहीत. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो बजेट ठरवताना धरा. जीएसटी क्रमांक असेल तर जाहिरात खात्यात आधीच भरून ठेवा, मार्चमध्ये सीएंची बोलणी वाचतील.

काल सापडलेला पर्याय आज ॲड्स मॅनेजर घेत नाही.

मेटाने तो काढला किंवा दुसऱ्यात मिसळला असेल. जतन केलेल्या याद्या आम्ही दर रात्री मेटाकडून तपासून घेतो आणि बाद झालेल्यांवर लाल खूण करतो. खूण नसूनही पर्याय लागत नसेल तर त्याचा आकडी क्रमांक कळवा. स्क्रीनशॉट नको, क्रमांक हवा.